बाटल्या वत्सलेच्या, प्रेमचंदच्या नव्हेत

मी भटू लालजी पाटील, वय अडुसष्ट, धंदा शेती, राहणार म्हसावद, तालुका शहादे, जिल्हा धुळे, हा लेख लिहून ठेवतो तेव्हा माझे डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही आणि शेजारी बसून मला कोणी सांगत नाही. छातीचे दुखणे आहे, म्हणून आताच लिहितो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे समजावे.

१. राहते घर, विहिरीखालचे केळीचे शेत व वरची कोरडवाहू जमीन, सर्व माझ्या कष्टाची, मुलगा बन्सीलाल याला द्यावी. पत्नी शांतीबाई हिने हयातभर मधल्या खोलीत राहावे. तिला तिथून कोणी उठवू नये. माझ्या बाटल्यांना ती ‘भंगार’ म्हणते, तरी उठवू नये.

२. पितळी फुलपात्रे सूनबाईला. शहाद्याला आमचे जुन्या बाटल्यांचे मंडळ आहे. ते मी आणि समोरचा किराणा दुकानदार प्रेमचंद छगनलाल यांनी मिळून काढले. दर माघात, कापूस उचलला गेल्यावर, सरकी काढायच्या जिनाच्या मोकळ्या शेडात प्रदर्शन भरते. गोळीसोड्याच्या, अत्तराच्या, औषधाच्या, शाईच्या बाटल्या पाहायला नवापूरहून माणसे येतात. पहिल्या नंबराला तांब्या, दुसऱ्याला फुलपात्र. तांबे सगळे प्रेमचंदच्या दुकानात ओळीने मांडलेले आहेत. गिऱ्हाइकाने मीठ मागितले तरी त्याची नजर आधी तांब्यांवर जाईल अशी जागा त्याने निवडली आहे. सूनबाईने माझ्या फुलपात्रांतून पाहुण्यांना पाणी देऊ नये. ही कितव्या नंबराची, असे ते विचारतात.

३. कुदळ, खुरपी व बाटल्या धुण्याच्या काथ्याचे कुंचे डोंगरातील रूपसिंग याला. तो माणूस सरळ आहे, पण त्याचा एक निवाडा मला मान्य नाही. तो इथे नोंदवतो. तोरणमाळच्या वाटेवर इंग्रज साहेबाचा पडका बंगला त्यानेच आम्हाला दाखवला. मागच्या उकिरड्यावर आम्ही काठीने रेघ ओढली : वरची बाजू माझी, खालची प्रेमचंदची. नेमकी रेघेवर निळी बाटली निघाली, सहा पैलूंची, कुठे टवका नाही. तोंड माझ्या बाजूला, बूड त्याच्या. आम्ही दोघांनी हात घातला. रूपसिंग म्हणाला, “ज्याच्याकडे बूड, त्याची बाटली. माणूसही जिथे बसतो तिथला असतो.” प्रेमचंद हसला आणि बाटली धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन गेला. तेव्हापासून पहिला नंबर त्याचाच.

४. माझ्या सर्व बाटल्या, कपाटासह, मुलगी वत्सला हिला. ती कळसाडीला दिली आहे. लहानपणी शाळा सुटली की ती घरी न येता प्रेमचंदच्या दुकानात बसायची. काचेतला बुडबुडा कसा ओळखावा, साच्याची शिवण कुठे पाहावी, हे ती त्याच्याकडे शिकली. मला सगळे येत होते. मला तिने विचारले नाही. त्याला मूलबाळ नाही, म्हणून मी गप्प राहिलो. पण गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात ती सासरहून आली आणि माझे टेबल ओलांडून त्याच्या टेबलामागे उभी राहिली. निळी बाटली हातात घेऊन लोकांना समजावू लागली. मी तिला बाजूला बोलावले. माझ्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणालो, “तुन्हा बाप आठे शे.” ती म्हणाली, “आबा, तुम्ही बाटलीले कोनले हात लाऊ देतस नही. काका हातमा देतस.” त्या दिवशी मी जेवलो नाही. शांतीबाईला कारण पित्ताचे सांगितले.

५. अट अशी की, वत्सलाने माझ्या बाटल्या प्रेमचंदच्या कोणत्याही बाटलीसोबत एका कपाटात ठेवू नयेत.

६. वकील म्हणाले, ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष करू नये. म्हणून प्रेमचंदला साक्षीदार केले आहे. त्याने सगळे वाचावे आणि सही करावी.

सह्या होण्यापूर्वी वाढवलेला मजकूर : प्रेमचंदने आज ओट्यावर बसून वरील सर्व वाचले. चष्मा पुसला, पुन्हा वाचले. मग म्हणाला, “भटू, मी बी मन्ह्या सगळ्या बाटल्या वत्सलालेच दी टाक्यात. दिवाळीमाच कागद कया.”

मी विचारले, “निळी बी?”

“निळी बी.”

“मंग माले का सांगं नही?”

“तू इचारं नही.”

हिलाल मास्तर दुसऱ्या साक्षीला आले होते, ते रस्त्याकडे पाहत बसले. वकीलही सह्यांसाठी आले होते, ते म्हणाले, पाचवे कलम आता टिकायचे नाही, दोन्ही माल एकाच बाईचा. म्हणून ते कलम रद्द करून असे लिहितो : बाटल्या एका कपाटात ठेवल्या तर चालतील, परंतु माझ्या वरच्या फळीवर आणि प्रेमचंदच्या खालच्या. निळीसुद्धा खाली. प्रेमचंद म्हणाला, वरच्या फळीला वत्सलाचा हात पुरत नाही. हे खरे आहे, आणि हेही त्यालाच आधी सुचले. तरी फळी बदलणार नाही. बन्सीलालने बहिणीला सागाचे भक्कम स्टूल करून द्यावे.

लिहून देणार : भटू लालजी पाटील
साक्षीदार : हिलाल दगा मास्तर
साक्षीदार : प्रेमचंद छगनलाल
मुक्काम म्हसावद, तारीख ९ फेब्रुवारी १९६६