फ्रीजरमागची रेघ

प्रिय आत्या,

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, की बंदरावरचं पाणी डॉनाच्या दुकानाच्या उंबऱ्याशी थांबलं. ते चूक आहे. पाणी आत शिरलं होतं, चांगलं गुडघाभर. तू गेल्यावर लिहिलेलं ते पत्र तू वाचलं नाहीस, हेही वाचणार नाहीस. तरी तुला सांगितलेलं चुकीचं राहू नये, म्हणून लिहितेय.

पॅसिफिकच्या पार पलीकडे समुद्रातला ज्वालामुखी फुटला आणि त्याची लाट इथे कॅलिफोर्नियात आली. ना जमीन हलली, ना वारा सुटला! बंदरातले बोटींचे मोडलेले धक्के मोजताना सारखं वाटायचं, हे आधी आत्याला फोन करून सांगू. मग आठवायचं.

डॉना मासेमारीचं सामान विकते. काल ती बिघडलेला फ्रीजर बाहेर ओढत होती, मी एक बाजू धरली. मागे भिंतीवर तपकिरी रेघ, तिला चिकटलेलं समुद्री गवत. बाकीच्या भिंती मात्र लख्ख.

"घासल्या मी," ती म्हणाली. "तुम्ही सर्व्हेवाले येणार होतात ना!"

"मग पाणी आत आल्याचं सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंच नाहीस. मला वाटलं, तुझ्या यंत्राला कळतं."

पाहुणे येणार म्हणून आई घर घासायची, तेव्हा तू विचारायचीस, "वहिनी, चहा आहे की मुंज?" तेच आठवलं. पण हसू आलं नाही. पाणी कुठवर आलं त्याची रेषा नकाशावर मीच आखलीय; तिच्याबाहेर राहिलेल्यांना दुरुस्तीची मदत मिळणार नाही आणि डॉनाचं दुकान बाहेर आहे.

सुपरवायझर म्हणतो, "रिपोर्ट गेलाय. एका दुकानासाठी कशाला अंगावर ओढवून घेतेस?" माझ्या एकटीच्या नावाचा हा पहिलाच रिपोर्ट, आत्या.

पाटबंधारे खात्यातून रिटायर होऊन तू सांता क्लाराला आमच्याकडे आलीस आणि मला बॅकयार्डमध्ये मोजणी शिकवलीस. मी आकडा वाचायचा, तू मोठ्यानं परत म्हणायचीस, मगच लिहायचा. शेजाऱ्यानं विचारलं, स्विमिंग पूल बांधताय का? तू मला म्हणालीस, "सांग त्याला, विहीर खणतोय!"

पण परत म्हणणारं कुणी नसेल तेव्हा काय करायचं, ते का नाही शिकवलंस? या धक्क्यावर मी आकडा वाचते आणि पुढे नुसता सीगलचा आवाज. मोटेलच्या खोलीत तर तोही नाही.

आज पुन्हा जाऊन ती रेघ मोजली. डॉनाला म्हटलं, मी वाचते तो आकडा मोठ्यानं परत म्हण. ती दोनदा म्हणाली, दुसऱ्यांदा ओरडून. किती दिवसांनी मला उत्तर आलं!

बंदराच्या ऑफिसात मीटिंग आहे. तिथे सगळ्यांसमोर उभी राहून मी माझी चूक सांगेन आणि रेषा बदलून घेईन. आवाज कापला तरी. डॉना शेजारी असेल. मी वाचीन, ती परत म्हणेल. येत्या मंगळवारी.

तुझी,
मुग्धा