यमाच्या दारातला पहिला वर

ता. ३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

म्हणजे मी इथे दिवसभर गेम खेळतो आणि मालक मला फुकट पोसतात, असंच ना? तुझं हे तिसरं पत्र, आणि तिन्हींत तेच रडगाणं. अगं, दुरुस्त केलेला जुना कॉम्प्युटर मध्येच बंद पडत नाही ना, हे बघणं हेच माझं काम. त्यात हा खेळ निघाला.

चित्र एकसुद्धा नाही. काळा पडदा, हिरवी अक्षरं, तीही आपलीच, मराठी. तो लिहितो, समोर नदी आहे, पलीकडे उजेड नाही. आपण टाइप करायचं, नदीत उतर. शपथेवर सांगतो, पाय गार पडले माझे! सातवीत शाळेला रामराम ठोकलेला मी, एकेक अक्षर लावत वाचतो, आणि दुकानाच्या भिंती कुठे जातात कळत नाही.

आता यमाच्या दारात तीन दिवस उपाशी बसलोय. (खेळात गं! डबा वेळेवर येतो.) वर माग म्हणतो. सोनं मागितलं, हत्ती मागितले, मरणच नको असंही मागून पाहिलं. उत्तर एकच: हा पहिला वर नव्हे.

ही बाबांची गोष्ट. मशीनवर शिवता शिवता सांगायचे, बॉबिनचा दोरा संपला की गोष्ट थांबायची. यमाच्या दाराशी थांबली आणि मी घरातून पळालो. पुढचं त्यांना विचारशील? माझं नाव न काढता. तीन वर्षं ते काढू देत नाहीत, ठाऊक आहे. महिनाअखेर गिऱ्हाईक कॉम्प्युटर नेणार.

रागावतेस तेवढाच लोभ राहू दे.
तुझा धाकटा

ता. १२ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

शहाण्या, नाव न काढता कसं विचारू? आईला म्हणून तुझं पत्र मोठ्याने वाचलं. बाबा कोटाची बाही शिवत होते, कान नसल्यासारखे. वाचता वाचता मी बॉबिनच्या ओळीपाशी आले आणि मशीन थांबलं. दोरा तर भरपूर होता.

मग कापडाकडेच बघत म्हणाले, त्या पोराला बापानेच रागाच्या भरात यमाकडे जा म्हटलं होतं. त्याने पहिलं मागितलं ते एवढंच, की बापाचा राग जावो, आणि मी परत गेलो की त्याने मला ओळखावं. वर म्हणाले, कार्ट्याला कळव, गोष्ट अर्धी टाकून जाऊ नये.

कार्टा म्हणाले रे! आई दिवसभर गुणगुणतेय.

जेवत जा, लिहीत जा.
तुझी ताई

ता. २१ जून

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न.

तुम्ही सांगितलेला वर टाइप केला. पडदा काळाच राहिला. वाटलं, झालं, बंद पडला. मग एकेक अक्षर उमटलं: दिला. तो तुला दारातच ओळखेल. आणि दार उघडलं. बाबा, नुसती अक्षरं होती, तरी मला उजेड दिसला. मी उभाच राहिलो. मालक म्हणाले, काय रे, शॉक बसला का?

आत गेलो नाही. दोन वर बाकी आहेत, ते तुमच्या तोंडून ऐकायचेत. मला सुट्टी नाही आणि तीस तारखेला कॉम्प्युटर जाईल, म्हणून तुम्हीच या. स्टेशनवर उभा असेन. दाढी ठेवलीय, पण तुम्ही ओळखाल.

चुकलो, पदरात घ्यावं.
आपला कार्टा

ता. क. आईलाही आणा. दोघांच्या जाण्यायेण्याच्या तिकिटांचे सोळाशे चाळीस पाठवतो आहे.