शिल्लक राहिलेले तीन पेले

उचगाव,
सोमवार, ता. ६ सप्टेंबर २००४

प्रिय बाळासो,
तुला आणि शालूला केरबादादाचा प्रभूमध्ये सलाम.

शालूचं कार्ड जूनमध्ये आलं आणि उत्तर आज लिहितो आहे, रागावू नकोस. आधी चष्म्याची काडी मोडली, मग गुडघा धरला. चौथी शिकलेल्या माणसाला एक पत्र म्हणजे दिवसभराची नांगरट. पण आज हात थांबत नाही. चहा निवून गेला. अक्षर लागलं नाही तर शालूला वाचायला लाव.

तुझा डावा हात हलतो का? तेलाने चोळता का? की नुसता पडून असतोस? इकडे आपल्या नातीला, अनुजाला, मुलगी झाली. चर्चचे पत्रे बदलले. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या पेल्यांचं तबक मी आता फिरवत नाही, हात कापतो, द्राक्षरस लोकांच्या अंगावर सांडायचा. आता मंडळीतली तरुण प्रीती फिरवते.

शालूने लिहिलं आहे, तू सारखा विचारतोस, ‘देव मला घेईल का? त्या दिवशी माझ्यापाशीच येऊन पेले कसे संपले?’ एवढं वाचलं आणि कार्ड उशीखाली ठेवलं. त्या दिवसाला अठरा वर्षं झाली. गर्दी होती, पेले कमी पडले, असं मी तेव्हाच्या पाळकसाहेबांनाही सांगितलं होतं.

आता काल काय झालं ते ऐक! महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन. मला उशीर झाला म्हणून मागे खांबाजवळ बसलो. बसल्यावर कळलं, ही तुझी जागा. जेलमधून सुटून, दारू सोडून, धुतलेला सदरा घालून त्या दिवशी तू इथंच बसला होतास. प्रीतीने तबक पुढं केलं आणि माझा हात उचलेना.

"आजोबा, घ्या की."

"म्होरं जा, पोरी. माझं न्हाय त्यात."

सगळे वळून बघायला लागले. नवे पाळकसाहेब खाली आले, माझ्या शेजारी बाकावर बसले.

"काय झालं, केरबाकाका?"

"मी लायक न्हाय, साहेब."

"लायक बघून वाढायचं म्हटलं तर पहिला मीच उपाशी राहीन. तारण कमवायचं नसतं, काका. विश्वास धरायचा आणि हात पुढं करायचा. मग तो कुणी का असेना."

"कुणीबी? जेलात गेलेलाबी?"

"होय."

"आणि त्याला माघारी धाडणारा?"

साहेब म्हणाले, "तोही."

बाळासो, मग मी भर चर्चमध्ये उभा राहून बोललो. तेच तुला सांगतो. पेले कमी नव्हते. तीन भरलेले शिल्लक होते. पुढं मंडळीचे पंच बसले होते, तू कुठून आलास ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला लाज वाटली. तबक उंच धरून मी तुझ्या कानात म्हटलं, "संपलं, बाळ्या." तू म्हणालास, "असू दे, दादा." आणि पुन्हा कधी आला नाहीस. ते तीन पेले मी मागच्या चाफ्याच्या बुडाशी ओतले.

तू ते देवाचं उत्तर समजलास. ते माझं होतं रे. देवाने तुला नाही म्हटलेलंच नाही!

काल मी पेला घेतला. निम्मा सदऱ्यावर सांडला. सून धुवायला मागते, मी देत नाही.

अठरा तारखेला, शनिवारी, पाळकसाहेब भाकर आणि पेले घेऊन शिरोळला तुझ्या घरी यायला तयार आहेत. तबक मी धरणार, हात कापला तर कापू दे. पण साहेब म्हणाले, आधी त्यांना विचारा. खरं आहे. आता दार तुझं आहे.

येऊ का? शेजारी संग्रामच्या दुकानात फोन आहे, नंबर मागे लिहिला आहे. मी तिथंच बाकड्यावर बसून राहीन. नको म्हणालास तरी चालेल, पण लवकर कळव. तुझ्या तोंडून ऐकू दे.

तुझा, तुझ्याशी खोटं बोललेला भाऊ,
केरबा