बोरवाडीची बाज

पौष शु. ३, शके १८६५. तीर्थपुरी

बिऱ्हाड लागलं. एक खोली, पुढं ओसरी. रॉकेल मिळत नाही, तेव्हा लिहिणं उन्हं आहेत तोवरच.

ह्यांच्या खात्यानं या भागाला एक दवाखाना द्यायचं ठरवलंय. एकच. तो कुठं बांधावा हे ह्यांनी गावोगाव विचारून सांगायचं. माघात मोठे साहेब हैदराबादहून येतील, तोवर तयार हवं. ह्यांचं मत तीर्थपुरीकडे. बाजार आहे, मोटार येते. चिंचखेडचे पाटील मात्र सकाळीच येऊन गेले. ओढ्यापलीकडचं गाव त्यांचं. "साहेब, आमच्याकडं बी बघा जरा."

अडचण बायकांची. ह्यांनी दुखणंखुपणं विचारलं की पदर ओढून आत. "तू येतेस का?" म्हणाले. पाचवा महिना लागलाय. येते म्हटलं. एकटीनं बसून तरी काय...

पौष शु. ६

आज बोरवाडी. दमणीनं गेलो. आधी ओढा, मग चिंचखेड, मग बो.वाडी. ओढ्याला बैलांच्या गुडघ्याएवढं पाणी, दगड निसरडे. पुढं दोन्ही अंगांनी ज्वारी, माळ्यांवर पाखरं राखणारे, गोफणींचे आवाज.

सोनाबाईंच्या अंगणात बायका जमल्या. सोनाबाई गावच्या सुईण, केस पांढरे, आवाज खणखणीत. मी विचारायच्या आत त्यांनीच मला विचारलं.

"कितवा गं?"

"पहिलाच."

"आन् मंग दगडाधोंड्यातून कशाला हिंडून राह्यली, लेकी?"

मग माझी पाळी. बाई अडली, कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर काय करता?

"नेतो की तीर्थपुरीला, मोटारीपत्तुर. बाजंवर."

"कोण नेतं?"

"समदे."

"समदे म्हणजे कोण कोण?"

सगळ्या हसल्या. "समदे म्हंजी समदे!"

परतताना मी ह्यांना म्हणाले, काही सोय नाही बिचाऱ्यांची.

पौष शु. ९

पुन्हा बो.वाडीला जायचंय उद्या. शिंप्याच्या आळीतल्या बायका राहिल्यात. पाठ दुखते आहे. ह्यांना सांगितलं नाही.

पौष वद्य ४. अंबड

इतक्या दिवसांनी लिहिते आहे. सरकारी दवाखान्यात, उशाला टेकून. बाळ आहे. आधी हे लिहिते. पोटात आहे.

त्या दिवशी सोनाबाईंच्या ओसरीवर बोलता बोलता उठले आणि लुगडं रक्तानं भिजलेलं... सोनाबाईंनी एकदाच पाहिलं. हे गाडी जुंपा म्हणून ओरडले तर त्या ह्यांच्यावरच ओरडल्या, "गाडी न्हाई! हिसक्यानं लेकरू खाली यील. बाज आना, जल्दी!"

बाज आली. गोधडी, पायथ्याला उशा, म्हणजे पाय उंच. उचलली आणि निघाली. कुणी कुणाला बोलावलं नाही. वेशीबाहेर पडताच पहिल्या माळ्यावरचा माणूस तोंडाला हात लावून ओरडला, "बाज आलीऽऽ!" पुढच्या माळ्यावरून तीच हाक. त्याच्या पुढून तीच, बारीक. मग ऐकू येईना इतकी लांब. आमच्या आधी ती हाक रानातून धावत गेली. मी आडवी. वर नुसतं आभाळ, कडेला ज्वारीची कणसं सरकताहेत. भीती वाटायला हवी होती. ती हाक ऐकत राहिले.

खांदे बदलायचे ते चालता चालता. एक खांदा निघाला की दुसरा आत. बाज हलली नाही. एका अंगाला बो.वाडीच्या पाटलांच्या घरातले बापूराव, दुसऱ्या अंगाला गावकुसाबाहेरच्या वस्तीतला किसन. दोघांचे श्वास माझ्या कानाशी. मी सोनाबाईंकडे पाहिलं असेन, कारण त्या चालता चालताच म्हणाल्या, "बाजंला शिवाशिव नसती."

चिंचखेडच्या शिवेवर माणसं उभी. हाक त्यांना पोचली होती. हातातलं टाकून आलेली, कुणाच्या कमरेला गोफण तशीच. कुणी विचारलं नाही, कोण आहे, कुणाची आहे. बो.वाडीचे खांदे निघाले, चिंचखेडचे लागले. ते पाटील, जे दवाखान्यासाठी येऊन गेले होते, तेही होते. ओढ्यात उतरले तेव्हा त्यांनी बाज डोक्याच्या वर धरली. पाण्याचा आवाज खालून येत होता. ह्या काठाला तीर्थपुरीचे लोक. अंबडची मोटार सुटायची होती. ती माणसांनी आडवं उभं राहून धरून ठेवलेली. ड्रायव्हर म्हणे, "आराम से, आराम से," आणि अख्खं बाक रिकामं करून दिलं.

मोटारीत चढवताना एक पाहिलं. किसन थेटपर्यंत आला होता. तहानलेला. हॉटेलवाल्यानं वरून पाणी ओतलं, तो ओंजळीनं प्याला, लांब उभा राहून. आत्ताच ज्या खांद्यावर मी होते तो खांदा. हे लिहिलं नाही तर विसरेन, असं नाही. तरी लिहिते.

पौष वद्य ८. अंबड

डॉक्टर म्हणतात, धोका टळला, पण महिनाभर पडून राहायचं. हे उशाशी बसून असतात. काल म्हणाले, "आपण सोय नाही म्हटलं होतं."

पौष वद्य ११

सोनाबाई आल्या! मोटारीनं, आयुष्यात पहिल्यांदा. "पोटातलं समदं ढवळून निघालं बाई, त्यापरीस बाज बरी." हुरडा आणलाय. माझ्या पोटावर हात ठेवून बराच वेळ बसल्या. "हाय. बराबर हाय."

मी म्हटलं, मावशी, दवाखाना जवळ झाला की असं कुणाला यावं लागणार नाही.

"बांधा की. लई चांगलं. पर आखाडात दवाखाना त्या काठाला आन् आमी ह्या काठाला."

मग सांगितलं, अगदी सावकाश. त्यांची लेक गोदी बाळंतपणाला आलेली. अडली. बाज निघाली, ओढ्यापाशी आली, आणि ओढा दुथडी. "बाज खाली ठिवली न्हाई कुनी. पानी उतरंल म्हून तशेच उभे. पावसात. खांदे बदलीत. दोन्ही गावचे. दिवस मावळला तरी उभे." पदर सारखा केला. "गोदी वरच गेली. भुईला टेकली न्हाई माझी लेक."

रडल्या नाहीत. मलाच...

त्या माणसांत कोण कोण होते ते विचारलं नाही. समदे.

पौष अमावास्या

ह्यांना सारं सांगितलं, आधी ओढ्यावर पूल हवा म्हटलं. उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, मंजुरी दवाखान्याची आहे, पुलाची नाही. पूल माझ्या कामात येत नाही. मागितला तर साहेब विचारतील, तुला कशाला पाठवलं होतं? "मागाल?" म्हटलं. "मागेन," म्हणाले, पण चेहरा उतरलेला. नोकरी अजून कच्ची आहे.

माघ शु. ७. तीर्थपुरी

परत आले, झोपून राहायच्या अटीवर. संध्याकाळी चिंचखेडचे पाटील आले. पुलाचं त्यांच्या कानावर गेलं होतं. ओसरीवरचं बोलणं आत ऐकू येत होतं.

"पूल होत आसंल तर आमचं दवाखान्याचं मागणं सोडलं. हितंच करा."

"आणि पूल नाहीच मिळाला तर, पाटील? मग तुमच्या हाती काहीच नाही."

"ठाव हाय."

"गावाला विचारलंत?"

"इचारूनच आलो न्हवं का. दोन येळा भांडनं झाली. मंग समद्यांनी हां म्हनलं."

चहा न घेताच गेले.

माघ शु. १२

साहेब आले. मला जायला बंदी, म्हणून हे आल्यावर ऐकलं ते.

मोटार ओढ्याच्या अलीकडं थांबली. दोन्ही काठांना माणसं उभी. ओढ्यात आता घोट्याएवढंच पाणी. साहेब बूट न काढता दगडांवरून पलीकडं गेले, परत आले. हसले. "इतने से पानी के लिए पुल?" ह्यांनी तरी सांगितलं, पावसाळ्यात वाढतं.

"कहाँ तक आता है?"

काठावरच्या म्हाताऱ्या बाभळीकडं सगळ्यांनी नुसतं पाहिलं. साहेबांनीही मान वर केली. शेंड्यापाशी, माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंच, पुरात वाहून आलेलं गवत अडकलेलं, वाळून पांढरं पडलेलं. एक मोडकी टोपली, तिरकी.

साहेब पाहत राहिले. टोपी काढली.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. टोपी हातातच ठेवून मोटारीत बसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत."

"आणि माणसं?"

"तिथंच आहेत अजून. मी निघालो तेव्हा कुणी हललं नव्हतं."