सारंगाची गाठ

मुंबई बंदर, ६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
संदेशचा शि. सा. न.

जहाजावर रॉकेटचा माल चढलाय म्हणून सगळ्यांचे मोबाइल काढून घेतलेत, तेव्हा हा कागद. गावाहून हमीदभाई मासळीची गाडी घेऊन इथे आलेत, उत्तर त्यांच्याच हाती धाडा. माल म्हणजे रॉकेटचं पोकळ लोखंडी नळकांडं, आपल्या पडवीहून लांब. ते पूर्वकिनाऱ्याला पोचवायचंय. दारू अजून भरलेली नाही, काळजी नको.

घोर वेगळाच आहे. नळकांडं आवळायचे दोन नायलॉनचे पट्टे क्रेनच्या हुकात अडकून फाटले. नवे यायला वेळ लागेल. कप्तान म्हणतो, तुकडे जोडून गाठ मार. कंपनीची इंजिनीयर तेजस्वी म्हणते, पट्ट्याला गाठ नाही म्हणजे नाही. मी डेकवरचा सारंग. बांधणी पक्की, असं मी म्हटल्याशिवाय जहाज हलत नाही. तुम्ही जन्मभर होडीवर तांडेलकी केलीत. काय करू?

मृणालीला सांगा, तुझा नवरा माझ्या हाताखाली खलाशी आहे. शुभंकरभावजींना मी भांडी घासायला लावणार.

माया आहेच, ती राहू द्या.
संदेश

भाट्ये, रत्नागिरी, ८ नोव्हेंबर

चि. संदेश यास धाकूचे अनेक आशीर्वाद.

मोतीबिंदूने मला अक्षर दिसत नाही, म्हणून मी सांगतो आणि तुझी बहीण लिहिते.

मेल्या, तांडेलाचा पोर असून गाठ मारू का म्हणून विचारतोस? आपल्या घरची गाठ माझ्या आज्याने मला शिकवली, मी तुला. वादळात होडी फुटली, पण गाठ सुटली नाही. त्या पोरीने दर्या पुस्तकात बघितला असेल. बंदरात बसून राहिलास तर सगळे हसतील, सारंगाला बांधता येत नाही म्हणून. दुहेरी गाठ मार आणि बिनघोर नीघ.

(दादा, हे माझं. कुळथाचं पीठ पाठवलंय ते ह्यांच्यासाठी. तू हात लावलास तर बघच. मृणाली)

बाबांची आठवण ठेव.
धाकू

भाट्ये, २६ नोव्हेंबर

चि. संदेश यास आशीर्वाद.

हे हमीदची लेक अलिझा लिहितेय. मृणाली पेन धरत नाही.

जावयांचं दहावं परवा झालं. नळकांडं सुटून घरंगळलं, शुभंकर खाली सापडले, एवढंच कंपनीच्या माणसाने सांगितलं. पोर माझी भिंतीकडे तोंड करून बसते रे. जेवत नाही. नाक्यावर बोलतात, सारंगाची गाठ सुटली. उचलली जीभ लावली टाळ्याला! मी भांडून आलो. तुला चौकशीसाठी कोचीत अडकवलंय, फोनही देत नाहीत. आपली गाठ सुटली नाही, एवढं मला लिहून दे.

वाट बघतो.
धाकू

कोची, ३० नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न.

गाठ सुटली नाही. चौकशीवाल्यांनाही ती सोडवता आली नाही. पट्टा तुटला, गाठीला लागून. तेजस्वीही चौकशीला आलीय, तिने समजावून सांगितलं, काथ्याच्या दोराचं वेगळं. हा चपटा पट्टा गाठीत दुमडला की त्याची निम्मी ताकद जाते. ती माझ्यावर ओरडली नाही, रडत होती. आडव्या लाटेने जहाज कललं तेव्हा भावजी तिथेच होते. बांधणी बघून या म्हणून मीच धाडलं होतं.

जबाबात मी सांगितलंय, गाठ माझी, शब्द माझा. तुमचं नाव घेतलं नाही, घेणार नाही. मृणालीला काय सांगायचं ते तुम्ही बघा. माझ्याच्याने होत नाही.

तुमचा,
संदेश

भाट्ये, ६ डिसेंबर

दादास नमस्कार.

तुझं पत्र अलिझाने वाचलं तेव्हा मी तिथेच होते. मला वेगळं काय सांगणार होतात रे तुम्ही? गाठ मार, हे माझ्याच हाताने लिहिलंय मी. लिहिताना हसत होते.

मला राग आहे, दादा. तुझा आहे, बाबांचा आहे, माझा तर फारच आहे. तो जाईल असं मी खोटं लिहिणार नाही.

बाबा आज सकाळी धुतलेला सदरा घालून म्हणाले, मी कोचीला जातो, चौकशीत सांगतो की पोराने मला विचारलं होतं आणि बांध असं मी म्हटलं. मी त्यांना थांबवलं नाही. तिकीट हमीदभाईंनी काढलंय. भाकरीचा डबा मी दिलाय.

हे पत्र त्यांच्याच खिशात आहे. तुला भेटू देतील तेव्हा आधी त्यांना काहीतरी खायला घाल. गाडीत ते डबा उघडणार नाहीत.

मृणाली