अकरा ते साडेचार

४ मे १९८६, रविवार
सकाळच्या एस.टी.ने मुलं आली. केतकी दहाची, निनाद सातचा. जावई त्यांना पोचवून दुपारच्या गाडीने परत मुंबईला.

नीरजाने मुलांच्या बॅगेत माझ्या नावाने पत्र ठेवलं होतं. पोटची मुलगी, पण भाषा बँकेची. "आई, गेल्या मेमध्ये निनाद तीन तास किनाऱ्यावर उन्हात उभा राहून कोळ्यांचं रापणीचं जाळं ओढणं बघत होता आणि पुढे चार दिवस तापाने फणफणला. या वर्षी कोणालाही ऊन लागलं, तर पुढच्या मेपासून दोघांना पाचगणीच्या शिबिरात घालायचं आम्ही ठरवलं आहे. तुझीही दगदग वाचेल."

दगदग! एकतीस वर्षं हायस्कुलात काढली, त्यातली नऊ हेडमिस्ट्रेस म्हणून. साडेचारशे मुलं माझ्या एका शिट्टीवर रांगेत उभी राहत. आणि दोन नातवंडांना सावलीत ठेवणं मला झेपायचं नाही!

भाईंना (म्हणजे आमच्या ह्यांना, सगळा गाव भाई म्हणतो, मीही) पत्र वाचायला दिलं. "पोरं येणार नसली तर मे महिना तरी कशाला यायचा," असं म्हणाले आणि पेपर तोंडावर घेऊन झोपले. बाकी वर्षभर या घरात बोलतं कोण? मी. ऐकतं कोण?

संध्याकाळी पुठ्ठ्यावर लाल शाईने टाइमटेबल केलं. अकरा ते साडेचार कोणीही उंबऱ्याबाहेर जाणार नाही. खाली सही.

५ मे, सोमवार
टाइमटेबल माजघरात लावलं. सगळ्यांना समोर उभं करून वाचून दाखवलं. निनादने विचारलं, आजी, हे सगळ्यांना लागू का. म्हटलं, नियम म्हणजे सगळ्यांना.

अक्कांना (माझी मोठी नणंद, त्र्याहत्तर पूर्ण, सगळे दात शाबूत, जीभ त्याहून) वाचायला चष्मा लागतो. त्यांनी तो लावलाच नाही. म्हणाल्या, "विमल, पोरां म्हंजे काय सोलां आसत, वतात सुकान जातली?"

सोलां म्हणजे आमसुलं, वत म्हणजे ऊन. पस्तीस वर्षं या घरात आहे, मालवणी सगळी कळते. उत्तर मात्र मी शुद्ध मराठीतच देते. त्याने समोरचा माणूस गप्प होतो. अक्का झाल्या नाहीत.

७ मे, बुधवार
माजघराच्या तिन्ही खिडक्या जाड चादरी लावून बंद केल्या. कवडसा म्हणून नाही. बेळगावला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये सिस्टर उन्हाळ्यात असंच करायच्या. आम्ही चाळीस मुली त्या अंधारात तासन्‌तास पडून राहायचो, एकीने कधी चूं केलं नाही.

रिटायर होताना स्टाफने दिलेला थर्मामीटर कपाटातून काढला. दुपारी दोनची नोंद: पडवीत ३३. माजघरात ३५.

थर्मामीटर बिघडलेला दिसतो. स्टाफने दिलेली वस्तू.

९ मे, शुक्रवार
जुन्या गाइडच्या युनिफॉर्मच्या दोन टोप्या शिवल्या, मानेवर झालर असलेल्या. केतकी म्हणाली, यात मी पोस्टमनसारखी दिसते. भाई रिटायर्ड पोस्टमास्तर. त्यांना वाईट वाटलं असणार, पण ते हसले.

अक्कांनी मागच्या अंगणात, म्हणजे खळ्यात, रातांबे (कोकमाची फळं) फोडायला काढले आहेत. दरवर्षीचा पसारा. रातांब्याची बी काढायची, साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, परत रसात, परत उन्हात. पाच-सहा दिवस तेच. मग त्याची सोलं होतात आणि तो लालभडक रस, आगळ, बाटल्यांत भरतात. घरभर आंबट वास. मुलांना सक्त ताकीद: साडेचाराच्या आत तिकडे फिरकायचं नाही.

११ मे, रविवार
निनादच्या पाठीवर, गळ्यावर घामोळं. ऊन कौलांतून झिरपत असावं. आता दारही बंद ठेवायचं ठरवलं.

अक्का दारात येऊन बोलून गेल्या, "ह्या तुझ्या खोलीत मी घटकाभर रवाची नाय. भट्टी गो ही!" मी म्हटलं, शिस्त सुरुवातीला गरमच लागते. वाक्य चांगलं झालं. लिहून ठेवते आहे.

पडवीत ३३. माजघरात ३६. भाई म्हणाले, थर्मामीटर खोटं कशाला बोलेल? म्हटलं, तुम्ही झोपा.

१२ मे, सोमवार
आजपासून जातीने पहारा. माजघराच्या दारात आरामखुर्ची आडवी टाकली. दाराची कडी माझ्या उजव्या हाताला, शाळेची शिट्टी गळ्यात. माझ्यावरून उडी मारल्याशिवाय कोणी बाहेर जाऊ शकणार नाही.

११ ते ४.३० पूर्ण शांतता. मधे थोडा वेळ डोळे मिटून विचार करत होते.

१३ मे, मंगळवार
पहारा उत्तम. डोळे मिटून विचार: साधारण साडेबारा ते साडेतीन.

मुलं इतकी शहाणी झाली आहेत की पत्रात नीरजाला कळवलं. "शिबिराची आवश्यकता दिसत नाही" एवढंच लिहिलं. टोमणा मारायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून दुसऱ्या पानावर मारला.

१४ मे, बुधवार
निनादची टोपी मागच्या खळ्यात, फणसाखाली पालथी सापडली. आतून ओली आणि लाल. कापडाचा रंग गेला असणार. पूर्वी युनिफॉर्मचं कापड कसं यायचं!

टोपी तिथे गेली कशी, हे विचारलं. निनाद म्हणाला, वाऱ्याने. दार-खिडक्या बंद असताना? केतकी म्हणाली, मोठा वारा होता आजी. असेल. समुद्र जवळ आहे.

१५ मे, गुरुवार
जेवताना निनादने भाताच्या आधी वाटीभर सोलकढी मागितली. गेल्या वर्षी तोंड वाकडं करायचा. थंड खोलीत ठेवल्याने भूक सुधारते, हे माझं म्हणणं खरं ठरतंय.

अक्कांची सोलं या वर्षी लवकर होतायत. म्हटलं, एकट्याने इतकं करू नका, वय बघा. म्हणाल्या, "माका हात मिळाले गो, देवान धाडले." अलीकडे त्यांचं देव-देव वाढलंय.

१६ मे, शुक्रवार, सकाळी १०
अनर्थ. आंघोळीनंतर केतकीचे तळहात बघितले. लालजांभळे! निनादचे तर मनगटापर्यंत. साबणाने घासले, दगडाने घासले, जात नाही. बोटांच्या टोकांना चिरा, विचारलं तर म्हणे चुरचुरतं.

उन्हाचीच रॅश. दुसरं काय? ऊन कुठून शिरलं ते मात्र कळत नाही.

दोघांच्या हातांवर कॅलॅमाइन लोशन थापलं. अक्का बघत होत्या, तोंडावर पदर घेऊन. खांदे हलत होते. बाई मनाने मऊ आहेत शेवटी. एरवी दाखवत नाहीत.

सकाळी १०.४५
लोशनचा उपयोग नाही. खालून गुलाबी झालं. पाचगणी डोळ्यांसमोर दिसायला लागली.

डॉक्टर गुरुदासचा दवाखाना एकला बंद होतो. थांबणं शक्य नाही. भाई म्हणाले, संध्याकाळी जा. अक्का काहीतरी सांगायला उठल्या होत्या, "अगो ऐक तरी," पण मला पस्तीस वर्षांचा अनुभव आहे, त्यांचं ऐकलं की उशीर होतो.

टाइमटेबलला हा अपवाद. वैद्यकीय कारण.

१८ मे, रविवार
परवाचं आज लिहिते आहे.

सव्वाअकराला निघालो. छत्री एकच. ती दोघांच्या डोक्यावर धरली, दोघांना टोप्याही घातल्या. मी पदर घेतला होता, पण एका हातात छत्री आणि दुसऱ्यात निनाद म्हटल्यावर तो घसरला तो घसरलाच. बाजारापर्यंत पाऊण मैल. रस्त्यात चिटपाखरू नाही. केतकी दोनदा म्हणाली, आजी, तूपण छत्रीत ये ना. मी म्हटलं, बोलू नकोस, तोंडात ऊन जातं.

दवाखान्यात गर्दी. बाकावर पंखा पोचत नव्हता. गुरुदास माझा विद्यार्थी, दहावीला इंग्रजीत पस्तीस. त्याने निनादचा हात धरला, उलटा केला, नाकाजवळ नेला. मग केतकीचा. मग म्हणाला, "बाई, हे आगळ आहे."

मी म्हटलं, नीट तपास.

त्याने मुलांनाच विचारलं, "काय रे, सोलां करूक गेल्लास?" आणि मुंबईची माझी नातवंडं, ज्यांना आठ दिवसांपूर्वी माका-तुका येत नव्हतं, एका आवाजात म्हणाली, "होय!"

मग सगळं बाहेर आलं, भर दवाखान्यात. रोज आजी घोरायला लागली की (हा शब्द निनादचा) हळूच कडी काढायची, खुर्चीच्या हाताखालून सरपटत जायचं. मागच्या खळ्यात अक्काआजी फणसाच्या सावलीत गोणपाट पसरून बसलेली असते. ती दोघांच्या डोक्यावर ओला पंचा ठेवते. रातांबे फोडायचे, टोपीत भरून आणायचे, दर तासाला कोकमाचं सरबत. उन्हात जायला अक्काआजीचीही बंदी. साली उलटायला ती एकटी जाते. साडेतीनच्या आत सगळे हातपाय धुऊन परत खुर्चीखालून आत. "तिथे कित्ती गार असतं आजी," केतकी म्हणाली. "आत खूप उकडतं. पण तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

बाकावरच्या बायका माना खाली घालून हसत होत्या. त्यातल्या दोघी माझ्याच वर्गातल्या.

गुरुदास म्हणाला, बाई, मुलं ठणठणीत आहेत, तुमचा चेहरा लाल झालाय. मी म्हटलं, रागाने. म्हणाला, बसा जरा. मी म्हटलं, मला बस सांगणारा तू कोण? आणि उठून उभी राहिले.

त्यापुढचं मला नीट आठवत नाही. एकशे तीन ताप होता म्हणतात. नारळवाल्या गणपतच्या बैलगाडीतून घरी आणलं, नारळांच्या शेजारी झोपवून. छत्री माझ्या डोक्यावर केतकीने धरली होती.

१९ मे, सोमवार
मला माजघरात ठेवू नका, एवढं एकच वाक्य तापात बोलत होते, असं भाई सांगतात. तापातल्या बोलण्याला अर्थ नसतो.

पडवीत झोपवलंय. खिडक्यांवरच्या चादरी काढून अक्कांनी भिजवून पडवीच्या कमानीला बांधल्यात. थर्मामीटर ३०. तोही आता अक्कांच्या बाजूने.

अक्का कपाळावरची पट्टी बदलताना म्हणाल्या, "सांगून सांगून थकलंय मी. गप पड आता." मी त्यांना विचारलं, हाताचं माहीत असून बोलला का नाहीत? म्हणाल्या, बोलणारच होते, पण तू थांबतेस कुठे. आणि मग पट्टी पिळताना, दुसरीकडे बघत, "पोरांची मजा मोडाक माका बरां नाय वाटला." यावर मी "बरां" एवढंच म्हटलं, तेही मालवणीत.

सरबत प्यायले. दोन पेले. आंबट जास्त होतं. तिसरा मागितला नाही, त्यांनीच दिला.

२१ मे, बुधवार
केतकीने आईला पत्र लिहिलंय. सवयीप्रमाणे तपासायला माझ्याकडे आणलं. घरातलं प्रत्येक पत्र मी तपासते. लाल पेन घेतलं.

"प्रिय आई, आम्ही दोघं मजेत आहोत. आम्हाला ऊन लागलं नाही. आजीला लागलं. तिने छत्री आम्हाला दिली आणि स्वतः तशीच चालली. आम्ही सांगितलं तरी ऐकलं नाही. अक्काआजीला सोलांचं काम असतं आणि आजोबा दुपारी झोपतात, त्यामुळे आजीकडे लक्ष द्यायला कोणीतरी लागतं. म्हणून पुढच्या मेमध्ये आम्हाला पाचगणीला जाता येणार नाही. तिची फार दगदग होते."

तीनदा वाचलं. काढून टाकण्यासारखं एकही वाक्य नाही. पेन मिटलं आणि पाकीट चिकटवलं.

पेटीत टाकायला मी स्वतः जाणार होते, कोपऱ्यावर तर आहे. पण अकरा वाजून पाच मिनिटं झालेली. पडवीच्या पायरीवर निनाद आरामखुर्ची आडवी टाकून बसलाय. माझी शिट्टी त्याच्या गळ्यात आहे. आणि तो झोपत नाही.