अपेक्षाभंगाची गोळी

मुरबाड, ५ जानेवारी २०२६

चि. संगीतास अनेक आशीर्वाद.

फोनवर विचारलं की तू ‘बरी हाय’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. वर्ष झालं, तुझं मन कशात लागत नाही, छातीत धडधडतं. शहापूरच्या दवाखान्यात नव्या गोळीच्या चाचणीत तू नाव घातलंस, एवढं भाऊजींकडून कळलं. सेरोटोनिन की काय ते इथल्या मेडिकलवाल्याला तीनदा विचारलं, तरी कळलं नाही. गोळीचा गुण येतोय का, खरं लिही. तुझ्यावाचून मला भांडायला कोणी नाही.

तुझी थोरली बहीण,
जना

शहापूर, १२ जानेवारी

तीर्थस्वरूप आक्कास शि. सा. न. वि. वि.

सेरोटोनिन म्हणजे डोक्यातलं एक रसायन, गोळी त्याच्यावर काम करते म्हणे. निम्म्या लोकांना बिनऔषधाची गोळी आहे. कोणाला कुठली, ते डॉक्टरलाही ठाऊक नाही. गुण येत नाही, द्यावे लागतात. दर गुरुवारी कागदावर आपल्या मनाला दहापैकी. मी नऊ देते.

खरे दोनच आहेत. झोप नाही. वाल सोलायला घेतले की तसेच पडून राहतात. पण तो कागद घ्यायला डॉक्टर पोरगी कल्याणहून येते, आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करते. पाहुणीने प्रेमाने आणलेल्या डब्याला कोणी नावं ठेवतं का? त्यात तिचं नावच अपेक्षा. तिचा भंग कसा करू? कोणाला सांगू नकोस.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
संगीता

मुरबाड, १९ जानेवारी

चि. संगीतास आशीर्वाद.

आधी हसले, मग रडले. माझ्या सासूच्या तोंडावर ‘मटण खारट झालंय’ म्हणालीस, तेव्हा कुठे होती ही रीतभात? तुझे नऊ खरे धरून उद्या ती गोळी दुसऱ्या बाईला देतील, तीही अशीच वाल पुढ्यात घेऊन बसेल. आणि मला तू बरी व्हायला हवी आहेस. दोन आठवडे देते. नाहीतर पहिल्या एसटीने येऊन मीच सांगेन, तेही दोनाचा एक करून.

माया आहे म्हणूनच ओरडते.
जना

शहापूर, ३० जानेवारी

तीर्थस्वरूप आक्कास शि. सा. न. वि. वि.

तू एक करशील या धास्तीने काल सांगून टाकलं. वाटलं, पोरगी रडेल. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, “मावशी, मला नऊची नाही, खऱ्याची अपेक्षा होती.” आता मोठे डॉक्टर तपासून औषध बदलायचं का ते ठरवतील.

मग नवा कागद दिला. दोन लिहिणार होते, तेवढ्यात तुझं पत्र आठवलं आणि वर्षात पहिल्यांदा चांगला राग आला. मटण खारट नव्हतं, आळणी होतं. त्या रागाचा एक धरून तीन लिहिले. खरे तीन.

एसटीने ये. भांडू.

तुझीच,
संगीता